औषध नाही, नुसत्या गोळ्या : पॅरासिटामॉल ओव्हरडोसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमचं हॉस्पिटल तीस खाटांचं, पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात. नोव्हेंबर ते मार्च आमची निम्मी ओपीडी ऊसतोड कामगारांची असते, बहुतेक बीडकडची माणसं, कुणाच्या हाताला कोयता लागलेला, कुणाची पाठ धरलेली, कुणाच्या लेकराला हगवण. ही ताई त्यातलीच. ओळख पटू नये म्हणून गाव, महिना आणि घरचे तपशील बदललेत.

वय ३४, वजन ४२ किलो, दोन मुलं, नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. टोळी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन आलेली. या प्रकरणाचा सगळा गुंता खाड्यापाशी आहे म्हणून तेवढं सांगते. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा पडतो, त्याचे पैसे उचलीच्या हिशोबात धरले जातात, आणि जोडीतलं एक माणूस बसलं की दुसऱ्याचंही काम अडतं. रविवारी रात्री हिची खालची दाढ ठणकायला लागली आणि सोमवारी पहाटे फडात जायचं होतं, म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे जाऊन अर्धा दिवस बसणं हा विचारसुद्धा तिच्या डोक्यात आला नसणार.

सोमवारी तिनं मेडिकलमधून गोळ्या आणल्या. तेवढ्यानं भागेना म्हणून मंगळवारी संध्याकाळी वाटेतल्या एका दवाखान्यात दाखवलं, तिथून अजून गोळ्या. आणि शेजारच्या खोपीतल्या बाईकडे अंगदुखी-सर्दीच्या गोळ्या होत्या, त्याही मधूनमधून. गाल सुजलेला, चावता येत नव्हतं, म्हणून तीन दिवस पोटात काय गेलं तर चहा आणि चहात बुडवलेली बिस्किटं. बुधवारी रात्रीपासून उलट्या. गुरुवारी ती मोळी उचलता उचलता खाली बसली तेव्हा नवऱ्यानं गाडी करून आमच्याकडे आणलं.

ती आली तेव्हा

गुरुवारी संध्याकाळी साडेसहा. ड्युटीवर मी. नाडी १०८, बीपी १००/६०, जीभ कोरडी, उजव्या बरगडीखाली दाबलं की दुखत होतं, डोळ्यांत अगदी हलका पिवळेपणा, इतका हलका की ट्यूबलाइटच्या उजेडात मला नक्की ठरवता येईना. ग्लुकोमीटरवर शुगर ५८. शुद्धीत होती, सगळी उत्तरं बरोबर देत होती, फक्त फार थकलेली.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, ताई काही औषधं चालू आहेत का? ती म्हणाली, "न्हाई मॅडम, औषध काहीच न्हाई." मी केसपेपरवर लिहिलं, औषधं नाहीत.

ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी औषध म्हणजे बीपीचं, शुगरचं, टीबीचं, डॉक्टरनं महिनोन्‌महिने लावून दिलेलं. दाढ दुखते म्हणून खाल्लेल्या त्या नुसत्या गोळ्या. आपण सगळेच असं बोलतो, माझी आईसुद्धा डोकं दुखल्यावर गोळी घेते, औषध घेते असं कधी म्हणत नाही. बारा वर्षं पेशंट बघून हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता आणि या एका शब्दापायी पुढचे अडीच तास गेले.

मी डोक्यात धरलं की डेंग्यू किंवा कावीळ, टोळीवरचं पाणी तसलंच असतं, लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप) धरून चाललं पाहिजे. रक्त पाठवलं, शुगरसाठी ग्लुकोज दिलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, आणि पोट दुखतंय, अंग थोडं तापलंय म्हणून पॅरासिटामॉलची एक ग्रॅमची बाटली लावायला सांगितली. ही ऑर्डर आमच्याकडे हाताला इतकी बसलीय की लिहिताना विचार होत नाही. सात वाजता ती बाटली गेली. म्हणजे ज्या औषधानं लिव्हर पोळलं होतं त्याचाच आणखी एक ग्रॅम आम्ही शिरेतून दिला, आणि तो मी दिला, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

पिशवीतली पाकिटं

नऊच्या सुमाराला लॅबवाल्याचा फोन आला, आवाज बदललेला, म्हणाला मॅडम मशीन चुकतंय का बघायला दोनदा लावलं. लिव्हरची एन्झाइम, म्हणजे एसजीओटी ५,८४०, एसजीपीटी ४,९७०. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन फक्त ३.१. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर २.९. किडनीचं क्रिएटिनिन १.३. प्लेटलेट एक लाख साठ हजार.

हे आकडे एकत्र वाचायचे असतात. लेप्टोत बिलिरुबिन खूप वाढतं पण लिव्हरची एन्झाइम बेताचीच वाढतात. डेंग्यूत एन्झाइम वाढतात पण ती पाच हजारांवर जाणं विरळा, आणि तिथे प्लेटलेट इतक्या चांगल्या नसतात. ए किंवा ई विषाणूच्या काविळीत एन्झाइम हजारांत जातात पण तोवर डोळे साधारण हळदीसारखे झालेले असतात. एन्झाइम आभाळाला, रक्त गोठण्याची वेळ लांबलेली आणि कावीळ त्या मानानं नावापुरती, हे चित्र दिसलं की पॅरासिटामॉलचा विचार करायचाच असतो. मला तो आला असं म्हणायला आवडलं असतं. पण मी त्याच मिनिटाला खुर्चीत बसून हेपॅटायटिस ई की डेंग्यू यातच अडकले होते.

आलं ते सिस्टरच्या लक्षात. त्या ताईचं लुगडं बदलून देताना कमरेची पिशवी काढून ठेवत होत्या, तंबाखूची असेल म्हणून बाहेर ठेवायला गेल्या तर आत रुमालात बांधलेली तीन तऱ्हेची पाकिटं. त्यांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि काही न बोलता मोबाइलचा टॉर्च लावला, कारण त्यावरचं अक्षर साध्या उजेडात वाचता येण्यासारखं नसतंच.

पहिलं मेडिकलमधलं, ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, पंधराचं एक पाकीट पूर्ण रिकामं, दुसऱ्यातल्या तीन गेलेल्या. दुसरं दवाखान्यातलं, कात्रीनं कापून दिलेलं, कापताना औषधाचं नाव अर्धं गेलेलं, "ॲसिक्लोफ" एवढंच उरलेलं आणि मागच्या बाजूला चंदेरी कागदावर चुरगळून पुसट झालेलं "पॅरासिटामॉल ३२५". तिसरी ती सर्दीची गोळी, तिच्यातही ५०० मिलिग्रॅम. तीन तऱ्हेची पाकिटं, तीन रंग, तीन नावं आणि आत एकच औषध.

आम्ही रिकाम्या खाचा बोटानं मोजल्या. १८, १२ आणि ९. हिशोब केला तर तीन दिवसांत २०,१०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ६.७ ग्रॅम, तिच्या वजनाला दिवसाकाठी किलोमागे १६० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅम ही वरची हद्द, आणि पन्नास किलोच्या आतलं, उपाशी माणूस असेल तर त्याहूनही कमीच द्यायचं असतं.

मग मी खाटेपाशी गेले आणि दुसऱ्या शब्दांत विचारलं, ताई, दाढेसाठी गोळ्या किती खाल्ल्या? लगेच सांगितलं. "दुखायलं की खायले मॅडम. कोयता हातात धरायचा म्हनल्यावर दाढ गप पायजे की."

सिस्टरनी नवऱ्याला बाहेर पाठवून हळूच दुसरंही विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात होतं का. हे कुठल्याही ओव्हरडोसमध्ये विचारावंच लागतं, एकांतात आणि सरळ शब्दांत. ती नाही म्हणाली, पोरं घरी म्हातारीपाशी आहेत, त्यांच्यासाठीच चाललंय सगळं. आम्हाला ते खरं वाटलं, पुढे पुण्याच्या हॉस्पिटलात गेल्यावर तिथल्या लोकांनी परत विचारलं तेव्हाही तेच.

आत काय झालं असणार

पॅरासिटामॉलचा मोठा भाग लिव्हर सरळ मार्गानं निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोडासा भाग, साधारण पाच ते दहा टक्के, दुसऱ्या वाटेनं जातो आणि त्यातून एनएपीक्यूआय नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ते तयार झाल्या झाल्या लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला पकडून निरुपद्रवी करतं, म्हणून योग्य डोसमध्ये ही गोळी इतकी सुरक्षित आहे आणि घरोघरी आहे, त्याबद्दल भीती घालण्याचा माझा हेतू नाही. डोस वाढला की सरळ मार्ग तुंबतो, जास्त माल आडवाटेनं जातो, ग्लुटाथायोन संपत येतं आणि मग ते द्रव्य लिव्हरच्या पेशींनाच जाऊन चिकटतं. जो माणूस तीन दिवस जेवलेला नाही त्याच्याकडे ग्लुटाथायोन मुळातच कमी. त्यामुळे एखाद्या खात्यापित्या माणसानं जेवढं निभावलं असतं तेवढं हिच्या लिव्हरला झेपलं नाही.

उतारा म्हणजे एन-असिटिलसिस्टीन, आम्ही नॅक म्हणतो. कफ पातळ करायला छातीचे डॉक्टर देतात तेच. शरीर त्यातून सिस्टीन घेतं आणि ग्लुटाथायोन परत बनवतं. शिरेतून नॅक देण्याची पद्धत एडिंबरोच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७० च्या दशकात घालून दिली आणि पुढची कित्येक दशकं जगभर तीच तीन बाटल्यांची पद्धत चालली.

पर्याय काय होते

साडेनऊला आमच्यासमोर चार-पाच गोष्टी होत्या आणि प्रत्येकीच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी होतं.

दिराचं म्हणणं होतं की डोळे पिवळे म्हणजे कावीळ, कावीळ उतरवणारा माहीत आहे, तो नाकात थेंब घालतो, सकाळपर्यंत घेऊन येतो. मला त्याचा राग नाही, त्याच्या गावात त्यानं माणसं बरी झालेली पाहिलीत, कारण ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. मी त्याला रिपोर्टचा कागद दाखवून सांगितलं की ही ती कावीळ नाही, हे गोळ्यांनी झालंय, आणि याला एक उतारा आहे जो वेळेत पडावा लागतो. उतारा हा शब्द त्याला लगेच समजला. साप चावल्यावर इंजेक्शन देतात तसं, असं तोच म्हणाला, आणि मग आडवा आला नाही.

नवरा म्हणत होता पोट धुवा. पोट धुण्याचा किंवा कोळशाची पावडर देण्याचा फायदा असतो तो गोळ्या पोटात असताना, पहिल्या एक-दोन तासांत. इथे शेवटची गोळी सकाळी गेलेली, पोटात काही शिल्लक नव्हतं, उलट्या करणाऱ्या माणसाला नळी घालून त्रासच झाला असता.

आमच्या ज्युनिअरचा प्रश्न चांगला होता, रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी बघून मग ठरवायचं का? पुस्तकात रुमॅक आणि मॅथ्यू यांचा १९७५ चा आलेख असतो, आडवे तास, उभी पातळी, रेषेच्या वर असेल तर नॅक. पण तो आलेख एकदम घेतलेल्या एका डोससाठी आहे, ज्याची वेळ माहीत आहे. तीन दिवस थोड्या थोड्या घेतलेल्या गोळ्यांना तो लागूच होत नाही. पातळी कमी आली तरी लिव्हर पोळलेलं असतंच. शिवाय आमच्या तालुक्यात ती तपासणी होत नाही, सॅम्पल बाहेर पाठवून रिपोर्ट यायला दुसरा दिवस. ती वाट बघायची नाही हे मी पटकन ठरवलं आणि या रात्रीतला तो एक निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

उरले दोन पर्याय. आहे तशी पुण्याला पाठवायची, म्हणजे रात्रीचा तीन तासांचा रस्ता, वाटेत शुगर पडली तर, भ्रम झाला तर. किंवा आधी नॅक सुरू करायचं आणि मग हलवायचं. अडचण एवढीच की आमच्या मेडिकलमध्ये नॅकचं एकही इंजेक्शन नव्हतं.

आणि माझ्या मनातली शंका, इतक्या उशिरा उपयोग होईल का? पहिल्या आठ तासांत नॅक दिलं तर लिव्हर जवळजवळ नक्की वाचतं, हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे आठ तास उलटले की संपलं असा एक समज तयार होतो. तो चुकीचा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलनं १९९१ मध्ये पॅरासिटामॉलनं लिव्हर फेल झालेल्या ५० पेशंटवर चाचणी छापली, निम्म्यांना नॅक दिलं, निम्म्यांना नाही, दोन्हीकडे बाकी उपचार सारखे. नॅकवाल्या २५ पैकी १२ जगले, दुसऱ्या २५ पैकी ५. उशीर झालेल्यालाही नॅक द्यायचं ते म्हणून.

काय केलं

गावातल्या मेडिकलमध्ये नॅकच्या ६०० मिलिग्रॅमच्या फसफसणाऱ्या गोळ्या होत्या, दमेकऱ्यांसाठी ठेवलेल्या. तोंडानं द्यायचा पहिला डोस किलोला १४० मिलिग्रॅम, म्हणजे हिला ५,८८०, धरा दहा गोळ्या. इंजेक्शनची फोनाफोनी चालू असताना निदान हे तरी सुरू करू म्हणून थंड लिंबू सरबतात दहा गोळ्या विरघळवल्या. नासक्या अंड्यासारखा वास येतो त्याला, ग्लास नाकापाशी नेला तरी ढवळतं. सिस्टरनी ग्लासावर झाकण लावून स्ट्रॉ दिला, उलटीचं इंजेक्शन आधी दिलेलं, तरी पंधरा मिनिटांत सगळं बाहेर. तासाच्या आत उलटी झाली तर डोस परत द्यायचा असतो, तोही अर्धा पडला.

तोवर शेजारच्या तालुक्यातल्या एका आयसीयूत नॅकच्या अँप्यूल आहेत असं कळलं. आमचा वॉर्डबॉय मोटारसायकलवर गेला आणि पावणेअकराला दहा अँप्यूल घेऊन आला, प्रत्येकी एक ग्रॅमच्या. त्या हॉस्पिटलनं पैशाची गोष्टही काढली नाही, उद्या द्या म्हणाले.

मग हिशोब. पहिली बाटली किलोला १५० म्हणजे ६,३०० मिलिग्रॅम. दुसरी ५० म्हणजे २,१००, चार तासांत. तिसरी १०० म्हणजे ४,२००, सोळा तासांत. बेरीज १२.६ ग्रॅम, मी कागदावर १३ अँप्यूल लिहिल्या. सिस्टर म्हणाल्या, मॅडम फोडलेली अँप्यूल चार तास कशी ठेवायची, प्रत्येक बाटलीला वेगळ्या फोडाव्या लागणार, सात, तीन आणि पाच, पंधरा लागतील. बरोबर होतं. दहा हातात, पाच कमी, आणि त्या पाच लागणार होत्या पहाटे.

पहिली बाटली २०० मिलीची हवी, आमच्याकडे पाच टक्के डेक्स्ट्रोज ५०० च्याच बाटल्यांत. सिस्टरनी मोठ्या सिरिंजनं ३०० मिली काढून टाकलं, त्यात ३१.५ मिली औषध भरलं, बाटलीवर पट्टी चिकटवून वेळ, डोस आणि "१/३" लिहिलं. ११ वाजून १० मिनिटांनी थेंब सुरू झाला, तासाभरात संपवायचा म्हणून.

रिॲक्शन

पंचवीस मिनिटांनी ताई चेहरा खाजवायला लागली. मान, छाती लाल, अंगावर गांधी उठल्या, मग श्वासाला शिट्टी. बीपी ९०/६०. नवरा दारातून बघत होता, तो आत आला, "मॅडम, बंद करा ते, तिला सोसंना ते."

बाटली बंद केली. एव्हिल, हायड्रोकॉर्टिसोन, नेब्युलायझर, थोडं सलाईन. अर्ध्या तासात लाली उतरली, छाती मोकळी झाली.

इथे सगळ्यात मोठी चूक होऊ शकते, ती अशी की ॲलर्जी लिहायची आणि उतारा कायमचा थांबवायचा. नॅकची ही रिॲक्शन पेनिसिलिनच्या ॲलर्जीसारखी नसते, पहिली बाटली जोरात गेल्यामुळे शरीरातलं हिस्टामिन सुटतं, ते निवलं की तेच औषध सावकाश परत सुरू करता येतं आणि करायचंच असतं. मला हे वाचून माहीत होतं, पण समोर शिट्टी वाजणारा पेशंट आणि दारात नवरा असताना परत तीच बाटली उघडायला हात धजत नव्हता. मी पुण्याच्या एका लिव्हर युनिटला फोन लावला तो तेव्हा, रात्री बाराला. पलीकडचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, निम्म्या वेगानं लावा, ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवा, आणि थांबू नका.

मी नवऱ्याला बाकावर बसवून सांगितलं. केसपेपरवर तोवर "पॅरासिटामॉल विषबाधा" असं लिहिलेलं त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं आणि तो वेगळ्याच भीतीत होता. "मॅडम, म्या काय इख दिलं व्हय तिला? पोलिस यील का?" मी सांगितलं, पोलिसांना कळवायचा नियम आहे म्हणून आम्ही चौकीला फोन केलाय, पण गोळ्या जास्त झाल्या, अजाणता झाल्या असंच लिहिलंय, तुमच्यावर कुणी बोट ठेवत नाही. तो गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, चालू करा.

१२ वाजून ४० मिनिटांनी परत सुरू. सिस्टर खाटेजवळच स्टूल घेऊन बसल्या, दर दहा मिनिटांनी बीपी. नंतर काही झालं नाही. दोन-अडीचच्या सुमाराला दुसरी बाटली लागली.

राहिलेल्या पाच अँप्यूल जिल्ह्याच्या गावी एका होलसेलवाल्याकडे होत्या. त्यानं मध्यरात्री दुकान उघडून पार्सल बांधलं आणि पहाटेच्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. सहाला आमचा माणूस स्टँडवर उभा होता. पार्सलवर स्केचपेननं "अर्जंट पेशंट" लिहिलेलं, कंडक्टरनं ते सीटखाली न टाकता मांडीवर आणलं होतं.

पुढे काय झालं

सकाळी आयएनआर ३.६, शुगर दहा टक्के डेक्स्ट्रोजवर टिकून, शुद्ध चांगली. साडेसातला १०८ मधून पुण्याला, तिसरी बाटली चालू ठेवूनच, सोबत ज्युनिअर. व्हिटॅमिन के दिलं होतं. प्लाझ्मा दिला नाही, कारण कुठून रक्तस्राव नव्हता आणि प्लाझ्मा दिला की आयएनआर खोटा सुधारतो, लिव्हर कुठे चाललंय हे दाखवणारा तोच एक काटा आपण हातानं हलवतो.

पुण्यात हेपॅटायटिस ए, ई, डेंग्यू, लेप्टो सगळं निगेटिव्ह आलं. शुक्रवारी रात्री ती थोडी बरळली, उत्तराला वेळ लावायची, रात्रीची जागी आणि दिवसा झोपलेली. शनिवारी एसजीपीटी ७,६०० पर्यंत चढलं, आयएनआर ४.२, क्रिएटिनिन १.९. लिव्हर ट्रान्सप्लांटची भाषा नवऱ्यासमोर निघाली तो हाच दिवस. पण ट्रान्सप्लांट लागेल का ते ठरवणारे किंग्ज कॉलेजचे निकष लागत नव्हते, त्यात रक्ताचा पीएच ७.३० च्या खाली किंवा आयएनआर ६.५ च्या वर, क्रिएटिनिन ३.४ च्या वर आणि गाढ भ्रम हे तिन्ही एकदम, असं बघतात. तिचा पीएच नीट होता. तीन बाटल्यांचे एकवीस तास झाले म्हणून त्यांनी नॅक थांबवलं नाही, तिसऱ्या बाटलीच्याच वेगानं चालू ठेवलं. रविवारपासून आकडे उतरायला लागले, सोमवारी आयएनआर २.४, मंगळवारी १.६ झाल्यावर नॅक बंद. दहाव्या दिवशी घरी.

दाढ तेवढे दिवस तशीच होती. रक्त गोठत नसताना ती काढता येत नव्हती, अँटिबायोटिक, गुळण्या आणि लवंगेचं तेल यावर काढले. तीन आठवड्यांनी आयएनआर १.१ आल्यावर आमच्याच गावातल्या डेंटिस्टनी काढली. वीस मिनिटं लागली.

आता वेगळं काय करू

पहिला बदल प्रश्नात केलाय. औषध चालू आहे का असं विचारून मी थांबत नाही, दुखण्यासाठी, तापासाठी, सर्दीसाठी, झोपेसाठी काही गोळ्या खाल्ल्या का असं एकेक नाव घेऊन विचारते आणि पाकीट दाखवा म्हणते. पाकीट नसेल तर मेडिकलवाल्याला फोन. आमच्या केसपेपरवर आता "गोळ्या पाहिल्या का" असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय सिस्टर पॅरासिटामॉलची बाटली लावत नाहीत, मी सांगितलं तरी.

दुसरं, पुण्याला फोन मी रात्री बाराला केला, तो रिपोर्ट आल्या आल्या व्हायला हवा होता. मला वाटत होतं आधी आपल्याकडून काहीतरी करून मग सांगावं. यात तीन तास गेले, आणि आधीच फोन केला असता तर रिॲक्शनच्या वेळी मी एकटी पडले नसते.

पहिली बाटली मी आता तासात संपवणार नाही. एडिंबरोच्याच लोकांनी २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की किलोला १०० मिलिग्रॅम दोन तासांत आणि मग २०० दहा तासांत असं दिलं तर उलट्या आणि रिॲक्शन बऱ्याच कमी होतात. अशा उशिरा आलेल्या, लिव्हर आधीच पोळलेल्या पेशंटला कुठली पद्धत द्यायची ते वरच्या सेंटरला विचारूनच, पण सुरुवात सावकाश.

त्या दवाखान्याच्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला मी फोन केला, भांडायला नाही. दोघांनीही आपापल्या जागी बरोबर गोळ्या दिल्या होत्या, एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मी विचारलं होतं औषध चालू आहे का, ती नाही म्हणाली. मेडिकलवाला आता पाकीट कापताना नावाची बाजू शाबूत ठेवतो आणि पॅरासिटामॉल असलेल्या गोळीवर पेननं "प" लिहितो, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही दोन "प" एका दिवशी नको एवढं सांगता येतं. ही त्याची स्वतःची कल्पना.

ज्याचं उत्तर मला सापडलेलं नाही ते खाड्याचं. मी मुकादमाला भेटले, आजारपणाचा खाडा धरू नका म्हणाले. त्यानं ऐकून घेतलं, कारखान्याकडे बोट दाखवलं, आणि त्या दोघांच्या नावावर किती दिवस पडले ते वहीत काढून दाखवलं. ती वही मी पाहिली. दवाखान्यातले दहा दिवस आणि नंतर घरी सक्तीनं बसलेले, सगळे ओळीनं लिहिलेले होते.

आमच्या कॅज्युअल्टीच्या कपाटात आता एक निळा डबा आहे, वीस अँप्यूल, आतल्या बाजूला वजनाप्रमाणे डोसचा तक्ता चिकटवलेला. एक्सपायरीची तारीख सिस्टरनी बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलीय आणि तोडणी सुरू व्हायच्या आधी, दर ऑक्टोबरमध्ये, त्या तो उघडून मोजतात.